पावती क्रमांक एक

धुळ्याजवळच्या एका सरकी तेलाच्या कारखान्यात डिसेंबरमधल्या एका गुरुवारी दुपारी वजनकाट्यावर जी पावती छापून आली, तिच्यावर क्रमांक होता १. काट्यावरच्या कारकुनाने ती फाडून ड्रायव्हरला दिली. पुढच्या गाडीला २, त्यापुढच्या गाडीला ३. त्याला वाटलं, ऑफिसवाल्यांनी नवीन वही सुरू केली असेल. तेविसाव्या गाडीला मात्र जिनिंगवाल्याचा माणूस स्वतः सोबत आला होता. सकाळच्या पावतीवर ६,३१२ आणि आता २३ हे पाहून तो चक्रावला. म्हणाला, "काय व्हयनं भाऊ, नवं साल लागनं का?" त्या प्रश्नाने सगळा प्रकार उघडकीला आला. तेव्हा घड्याळात तीनला आठ मिनिटं कमी होती.

या कारखान्याचं संगणकाचं काम मी बाहेरून पाहतो, राहतो जळगावला. मला फोन आला सव्वातीनला. "सर, आवक फाईल रिकामी दिसतेय."

ज्यांनी कारखान्यातली एएस/४०० ही मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आयबीएमने १९८८ साली एएस/४०० बाजारात आणलं. पुढे नावं बदलत गेली. २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टिमला 'आयबीएम आय' म्हणतात आणि ती पॉवर सर्व्हरवर चालते. आमच्याकडे सगळे अजून 'फोर हंड्रेड'च म्हणतात. नव्वदीत आरपीजी या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम, हिरवी अक्षरं, काळा पडदा. सरकीची आवक, खातेदार आणि साठा या तीन मुख्य फाईली एकाच लायब्ररीत, म्हणजे फाईली ठेवायच्या एकाच कप्प्यात. गाडी आली की भरलेलं वजन घालून पावती तयार होते. प्रयोगशाळेतून ओलावा आणि तेलाचा टक्का भरला जातो, गाडी रिकामी झाली की दुसरं वजन, आणि दलालाशी बोलणं झालं की दर. म्हणजे एका पावतीच्या मागे एक नवी नोंद आणि तीन-चार दुरुस्त्या. हंगामात दिवसाला सत्तरेक गाड्या येतात.

मी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. काट्याचे पडदे बंद करा आणि हातपावती पुस्तक काढा. आणि मी येईपर्यंत कोणीही, अगदी कोणीही, काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. मग गाडी काढली. जळगाव ते धुळे एरंडोल-पारोळ्यावरून नव्वद किलोमीटरच्या आसपास. रस्त्यात मी हिशेब केला की बुधवारी रात्रीची टेप मशीनमध्येच असणार, तिच्यावरून फाईल उतरवायची आणि गुरुवार सकाळचं काम जर्नलवरून लावायचं. तासाभराचं काम. हा हिशेब किती चुकीचा होता ते पुढे येईलच.

रोजकीर्द आणि खतावणी

जर्नल म्हणजे काय हे कारखान्याच्या शेठना मी एकदा त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. आडत दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहितात, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. खतावणी उंदराने खाल्ली तरी मागच्या बाकीपासून रोजकीर्द पुन्हा चढवत आलं की खतावणी उभी राहते. फोर हंड्रेडवर डेटाची फाईल ही खतावणी आणि जर्नल ही रोजकीर्द. फाईलमध्ये होणारा प्रत्येक बदल आधी जर्नलमध्ये डिस्कवर पडतो, त्यानंतर फाईलमध्ये.

पण जर्नल या ऑब्जेक्टमध्ये स्वतःत काहीच साठत नाही. नोंदी पडतात रिसीव्हरमध्ये. रिसीव्हर म्हणजे रोजकीर्दीची एकेक वही. एक भरली की सिस्टिम ती बाजूला काढते आणि पुढच्या क्रमांकाची जोडते. या वह्यांची साखळी अखंड असेल तरच त्या रोजकीर्दीला किंमत. शेठना हे लगेच पटलं होतं. ते म्हणाले होते, "म्हणजे वह्या जपायच्या." हो, एवढंच. आणि या प्रकरणात नेमकं तेवढंच झालं नव्हतं.

कोणी, केव्हा, कसं

पोहोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. पहिलं काम केलं ते जर्नलमध्ये पाहण्याचं. आवक फाईलच्या नोंदी काढल्या आणि त्यातून 'एफ' कोडच्या, 'सीआर' प्रकारच्या नोंदी गाळल्या. 'सीआर' म्हणजे मेंबर, म्हणजे फाईलमधला डेटा, रिकामा केला. एकच सापडली, दुपारी २ वाजून १० मिनिटांची, क्रमांक ८,४१,०२७. नोंदीबरोबर जॉब, युजर आणि प्रोग्रॅमची नावं येतात. युजर आमच्याच नव्या प्रोग्रॅमरचा.

त्याने मुद्दाम काहीच केलेलं नव्हतं. तो चाचणी लायब्ररीत काम करत होता. नवा अहवाल तपासण्याआधी चाचणीची फाईल साफ करायची म्हणून त्याने लायब्ररीचं नाव न घालता 'क्लिअर फिजिकल फाईल मेंबर' चालवलं. नुसतं फाईलचं नाव दिलं की सिस्टिम ती ज्या क्रमाने शोधते त्या यादीत, म्हणजे त्याच्या लायब्ररी लिस्टमध्ये, खरी लायब्ररी चाचणीच्या वर होती, कारण ही यादी ज्यातून येते ते त्याचं जॉब डिस्क्रिप्शन ऑपरेटरच्या जॉब डिस्क्रिप्शनवरून नक्कल केलेलं होतं. ती नक्कल मीच दोन महिन्यांपूर्वी करून दिली होती.

ही कमांड चालायला फाईलवर एकट्याचा ताबा लागतो. कोणी एक पडदा जरी उघडा ठेवला असता तरी सिस्टिमने नकार दिला असता. पण जेवणाची सुट्टी होती, काट्यावरचे दोघेही शिस्तीने साइन ऑफ करून डबा खायला गेले होते. ती शिस्तही मीच लावलेली.

अडीचला ते परत आले आणि कामाला लागले. पुढचा पावती क्रमांक प्रोग्रॅम फाईलमधल्या सर्वात मोठ्या क्रमांकात एक मिळवून काढतो. फाईल रिकामी, म्हणून क्रमांक १.

"उलटं फिरवता येत नाही का?"

प्रोग्रॅमरचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने विचारलं, "सर, रिमूव्ह जर्नल्ड चेंजेस करून मागे नेता येईल ना?"

प्रश्न चांगला होता. ती कमांड आहे, आणि चुकून वाढवलेले दर किंवा पुसलेल्या दहा नोंदी मागे घ्यायला ती उत्तम आहे. पण तिला प्रत्येक बदलाआधीचं चित्र, म्हणजे बदलाआधी नोंद जशी होती तिची प्रत, लागते. आमच्या फाईलींवर जर्नल सुरू करताना डीफॉल्ट ठेवलं होतं, म्हणजे फक्त बदलानंतरचं चित्र साठत होतं. आणि दोन्ही चित्रं असती तरी इथे उपयोग नव्हता. मेंबर रिकामा करणं ही जर्नलमध्ये एकच नोंद असते, 'रिकामा केला' एवढीच. त्यातल्या सहा हजारांवर नोंदी काय होत्या ते तिथे लिहिलेलं नसतं. मागे जाता जाता सिस्टिम त्या नोंदीपाशी येऊन थांबते.

म्हणून वाट एकच. मागच्या बॅकअपवरून फाईल उतरवायची आणि तिथून पुढे ८,४१,०२६ या नोंदीपर्यंत चालत यायचं. एक नोंद जास्त चाललो तर फाईल पुन्हा रिकामी. हा आकडा मी कागदावर मोठा लिहून मॉनिटरला चिकटवला. घाईत माणूस काय टाइप करेल सांगता येत नाही.

काही उतरवण्याआधी तीन गोष्टी केल्या. फाईलमध्ये आत्ता असलेल्या २३ नोंदी वेगळ्या लायब्ररीत कॉपी केल्या. जर्नलला नवा रिसीव्हर जोडून चालू रिसीव्हर बंद केला, म्हणजे घडलेलं सगळं एका पूर्ण झालेल्या वहीत बसलं. आणि डिस्कवर असलेले सगळे रिसीव्हर एका सेव्ह फाईलमध्ये ठेवले. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मुनीमजी माझ्या खुर्चीमागे उभे राहून दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत असताना ते तीन तासांचं वाटतं.

बुधवारच्या टेपवर काय नव्हतं

बुधवारची टेप लावली, तिच्यावरची यादी काढली. प्रोग्रॅमच्या दोन फाईली, आऊटक्यू, काही डेटा एरिया, पगाराची फाईल. आवक नाही. खातेदार नाही. साठा नाही.

मी यादी दोनदा वाचली. मग ऑपरेटरला विचारलं, रात्रीचा बॅकअप नीट होतो ना? तो म्हणाला, "हो सर, रोज कम्प्लीट येतं. आणि आता तर किती लवकर होतो! पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, दोन वर्षांपासून अकरा मिनिटांत संपतो."

दोन वर्षांपूर्वीच आम्ही जर्नल सुरू केलं होतं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे माहीत नसलेले लोक मला अजूनही भेटतात. रविवारी रात्री पूर्ण लायब्ररी सेव्ह व्हायची. सोमवार ते शनिवार 'सेव्ह चेंज्ड ऑब्जेक्ट्स', म्हणजे रविवारनंतर जे बदललं तेवढंच. या कमांडला जर्नल असलेल्या ऑब्जेक्टांबद्दल एक पॅरामीटर आहे, 'ओबीजेजेआरएन', आणि त्याचं डीफॉल्ट 'नाही' असं आहे. सिस्टिमचं म्हणणं असं की या फाईलींचे बदल जर्नलमध्ये आहेतच, तर मोठ्या फाईली रोज टेपवर कशाला? तुम्ही रिसीव्हर सेव्ह करा. तर्क बरोबर आहे. फक्त तो कुणी आम्हाला तोंडाने सांगत नाही. बॅकअप यशस्वी झाला असा संदेश येतो, आणि तो खोटाही नसतो. सांगितलं तेवढं त्याने सेव्ह केलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, जर्नल सुरू केल्यावर टेप तपासली नाही का? तपासली होती. ज्या बुधवारी जर्नल सुरू केलं त्याच रात्रीची आणि गुरुवारची टेप मी स्वतः पाहिली होती, आणि तीनही फाईली तिच्यावर होत्या. कारण त्या 'नाही'ला एक अपवाद आहे. संदर्भ तारखेनंतर, म्हणजे आमच्या बाबतीत मागच्या रविवारनंतर, जर्नल सुरू झालेलं असेल तर त्या फाईली सेव्ह होतात. त्याशिवाय गत्यंतरच नाही, कारण रविवार ते बुधवारचे बदल जर्नलमध्ये नसतात. पुढचा रविवार गेला, नवी संदर्भ तारीख लागली आणि सोमवारपासून फाईली टेपवरून गायब झाल्या. मी तपासलं ते नेमकं अपवादाच्या चार दिवसांत. त्यानंतर दोन वर्षं कोणी तपासलं नाही, आणि टेप लवकर संपते म्हणून सगळे खूश.

म्हणजे आता हातात होती रविवारची टेप. ती कारखान्यातल्याच कपाटात होती. तिच्यावर आवक फाईल होती, ६,०४१ नोंदींसह. तिथून गुरुवार दुपारपर्यंत चार दिवसांचा प्रवास.

मुनीमजींचा सल्ला सरळ होता. रविवारची उतरवा, २७७ पावत्यांच्या कार्बन कॉपी आहेत, दोन पोरं बसवू, रात्रभरात भरून टाकू. मला तो मोह झालाच नाही असं म्हणणार नाही. पण पावतीच्या कार्बनवर फक्त वजन असतं. तेलाचे टक्के प्रयोगशाळेच्या वहीत, दर दलालाच्या फोनवर, आणि रविवारआधीच्या कितीतरी पावत्यांचे दर या चार दिवसांत ठरले होते, त्यांचा तर कार्बनवर पत्ताच नाही. शिवाय खातेदार आणि साठा या फाईली गुरुवारपर्यंत पुढे आलेल्या होत्या. आवक हाताने भरली असती तर तिन्हींचा मेळ बसायला मार्च उजाडला असता.

पाच वह्या, पहिली गायब

जर्नलची माहिती उघडली, एफ १५ दाबून रिसीव्हरची यादी पाहिली. रविवारी रात्री अकराला सेव्ह झाला तेव्हा ४१२ क्रमांकाचा रिसीव्हर जोडलेला होता. तो सोमवारी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी भरला, कारण रात्री उत्पादन खर्चाचा मोठा जॉब चालतो आणि तो नोंदींचा पाऊस पाडतो. तिथून ४१३, मग रोज एक याप्रमाणे ४१६, ज्यात आजचा घात होता. हव्या होत्या ४१२ ते ४१६ या पाच वह्या. यादीत सुरुवातच ४१३ पासून होती.

रोज पहाटे पाचला एक सफाईचा जॉब चालतो. बाजूला काढून बहात्तर तास झालेले रिसीव्हर तो पुसतो, डिस्क भरू नये म्हणून. सोमवार पहाटे २.१० ते गुरुवार पहाटे ५ म्हणजे चौऱ्याहत्तर तास पन्नास मिनिटं. फाईल रिकामी होण्याच्या नऊ तास आधी ४१२ पुसला गेला होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली, आणि ती पाहून मला खरी भीती वाटली. सेव्ह न झालेला रिसीव्हर पुसायला गेलं की सिस्टिम सीपीए७०२५ हा संदेश देऊन विचारते: हा पूर्ण सेव्ह झालेला नाही, दुर्लक्ष करू की रद्द करू? रात्रीच्या जॉबला असा प्रश्न अडवतो. म्हणून कधीतरी कोणीतरी सिस्टिमच्या रिप्लाय लिस्टमध्ये या संदेशाला 'दुर्लक्ष करा' हे कायमचं उत्तर घालून ठेवलं होतं. म्हणजे टेप ड्राइव्ह तीन दिवस नादुरुस्त असता, तरी सफाई बिनबोभाट चालू राहिली असती. विचारणाऱ्या माणसाचं तोंडच बांधून ठेवायचं, आणि मग 'कोणी सांगितलं नाही' म्हणायचं.

प्रोग्रॅमर हळूच म्हणाला, "सर, तीन तासांचाच प्रश्न आहे. ४१३ पासून लावलं तर?"

ते चालत नाही. जर्नलच्या नोंदी पार्टीच्या नावावरून लागत नाहीत, फाईलमधल्या जागेच्या क्रमांकावरून लागतात. रविवारी रात्री काट्यावर आलेल्या गाड्यांच्या नोंदी मधून गाळल्या तर सोमवारची पहिली नवी नोंद तिच्या जागेवर बसणार नाही. तिथे काम अडकेल. आणि न अडकता पुढे गेलं असतं तर ते जास्त वाईट.

त्याने दुसरा पर्याय काढला, फाईल डिलीट करून नव्याने तयार करावी, जर्नल लावावं आणि त्यात डेटा कॉपी करावा. हे मी त्याला फळ्यावर काढून समजावलं, कारण यातच लोक फसतात. जर्नल फाईलला नावाने ओळखत नाही. जर्नल सुरू झालं की फाईलला एक आतली ओळख मिळते, जर्नल आयडेंटिफायर. प्रत्येक नोंदीवर तीच लिहिलेली असते. टेपवरून उतरलेली फाईल आपली ओळख घेऊन येते. हाताने नवीन बनवलेली फाईल त्याच नावाची, त्याच रचनेची असली तरी जर्नलच्या लेखी परकी, जुन्या नोंदी तिला लागत नाहीत. याच कारणाने दुसऱ्या लायब्ररीत रंगीत तालीमही करता येत नाही. मूळ फाईल जागेवर असताना शेजारी उतरवलेल्या फाईलला वेगळी ओळख मिळते. जे करायचं ते खऱ्या फाईलवर. शिवाय तिच्यावर आठ लॉजिकल फाईली (त्याच डेटाच्या वेगळ्या मांडण्या) बसलेल्या, त्या काढल्याशिवाय मूळ फाईल डिलीट झालीच नसती. तो पर्याय तिथेच संपला.

राहता राहिला प्रश्न, ४१२ टेपवर कुठे आहे का? रविवारच्या टेपवर होता, पण तो जोडलेला असतानाचा, अर्धा. सेव्हच्या क्षणापर्यंतचाच, आणि आम्हाला हवं होतं त्यानंतरचं. सोमवार रात्रीच्या टेपवर तो पूर्ण असायला हवा, जर्नलची लायब्ररी रात्रीच्या बॅकअपमध्ये असेल तर. बॅकअपचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. होती. दोन वर्षांपूर्वी ती ओळ मी घातली होती. या सगळ्या प्रकरणात मी केलेली तेवढीच एक बरोबर गोष्ट.

सोमवारची टेप कुठे आहे? ऑपरेटरने रजिस्टर पाहिलं. रोजची टेप दुसऱ्या दिवशी डाकेच्या गाडीने जळगावच्या ऑफिसात जाते.

म्हणजे माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. मी तिच्या शेजारून निघून इथे आलो होतो.

टेपची वाट

ऑफिसातल्या एकाला टेप घेऊन जीपने निघायला सांगितलं. साडेसहाला निघतो म्हणाला, पारोळ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला, पोहोचला पावणेनऊला. त्या सव्वादोन तासांत आम्ही काय केलं? फाटकाबाहेर हातपावतीवर गाड्या चालूच होत्या, थंडी वाढत होती, आणि कोणाच्या तरी घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आली. प्रोग्रॅमर जेवत नव्हता. काट्यावरचे आप्पा त्याच्या ताटात भरीत वाढत म्हणाले, "खाय रे भाऊ. फाईल येई जाई." खान्देशात डिसेंबरात भरिताला नाही म्हणणं अवघड असतं. तो जेवला.

त्या वेळात मी एक काम उपयोगाचं केलं. 'सीआर' नोंदीच्या आगेमागे कोणता व्यवहार अर्धवट होता का ते पाहिलं. आमच्याकडे आवक आणि साठा एकाच कमिटमध्ये, म्हणजे दोन्ही एकदम पक्के होतील असे, लिहिले जातात. मधेच तोडलं तर अर्धा व्यवहार एका फाईलमध्ये आणि अर्धा हवेत. पण फाईल रिकामी करायला एकट्याचा ताबा मिळाला होता, म्हणजे त्या क्षणी ती कुणाकडेच उघडी नव्हती. शेवटचा व्यवहार १ वाजून ३८ मिनिटांनी पूर्ण कमिट झालेला दिसला. जेवायला जाताना साइन ऑफ करण्याच्या ज्या शिस्तीने घात केला तिनेच इथे वाचवलं.

चार मिनिटं

टेप आली. ४१२ मूळ लायब्ररीत उतरवला. जर्नल जागेवर असल्यामुळे तो यादीत आपल्या जागी, ४१३ च्या आधी जाऊन बसला. जर्नलच नव्याने बनवावं लागलं असतं तर 'वर्क विथ जर्नल्स' मध्ये जाऊन पर्याय ९ ने रिसीव्हर हाताने जोडून घ्यावे लागले असते. ते टळलं.

मग रविवारच्या टेपवरून आवक फाईल आहे त्या फाईलवरच उतरवली. ६,०४१ नोंदी. आता 'अप्लाय जर्नल्ड चेंजेस'. रिसीव्हर ४१२ पासून ४१६ पर्यंत, सुरुवात शेवटच्या सेव्हपासून, शेवट मॉनिटरवर चिकटवलेला आकडा. मी टाइप केला, प्रोग्रॅमरने मोठ्याने वाचला, मुनीमजींनी कागदाशी ताडला. एंटर.

चार मिनिटं लागली. जर्नलच्या १,२९६ नोंदी लागल्याचा संदेश आला. फाईलमध्ये ६,३१८ पावत्या, शेवटची दुपारी १ वाजून ३८ मिनिटांची.

त्यावर विश्वास ठेवायला मला आणखी तास लागला. पावती क्रमांक १ ते ६,३१८ मध्ये खंड नाही हे पाहिलं. सोमवार ते गुरुवारच्या निव्वळ वजनाची बेरीज साठ्याच्या फाईलमधल्या आवकेशी जुळवली, किलोपर्यंत जुळली. मग मुनीमजींनी कार्बन कॉपीचा गठ्ठा उघडला आणि मधूनच कुठलीही पावती काढून मला क्रमांक सांगायला लागले. चाळीसेक पावत्या झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. मला तेवढंच प्रमाणपत्र हवं होतं.

तेवीस पावत्या मात्र त्रास देऊन गेल्या. त्यांचे क्रमांक १ ते २३, आणि एप्रिलमधल्या खऱ्या १ ते २३ फाईलमध्ये परत आल्या होत्या. क्रमांकावर दुहेरी नोंद चालत नाही, म्हणून त्या तशाच जोडता येईनात. ६,३१९ पासून नवे क्रमांक देऊन जोडल्या. त्यांपैकी ज्या गाड्या रिकाम्या होऊन निघून गेल्या होत्या त्यांच्या जिनिंगवाल्यांना फोन करून 'तुमची चार नंबरची पावती आता त्रेसष्टशे बावीस' असं एकेकाला सांगावं लागलं. एकाने ती चार नंबरची परत द्यायला नकार दिला. म्हणाला, लकी नंबर आहे.

मग दुपारपासूनच्या हातपावत्या भरायला घेतल्या. रात्री सव्वाबाराला काटा पुन्हा पडद्यावर आला.

नंतर काय बदललं

रात्रीच्या कमांडमध्ये 'ओबीजेजेआरएन' ला 'हो' केलं. टेप जास्त लागते, लागू दे. बॅकअपच्या सुरुवातीला नवा रिसीव्हर जोडायची ओळ घातली, म्हणजे अर्धी वही टेपवर जाण्याऐवजी पूर्ण झालेली जाते. रिप्लाय लिस्टमधलं ते कायमचं 'दुर्लक्ष करा' काढलं. सफाईचा जॉब आता तासांवर चालत नाही. जो रिसीव्हर टेपवर गेला आहे आणि ज्याच्यानंतर दोन पूर्ण रविवार झाले आहेत तोच पुसतो. बहात्तर तासांचा नियम साप्ताहिक बॅकअपसोबत मुळातच विसंगत होता, आणि गुरुवार ते रविवारच्या दरम्यान तो याआधी कधी उघडा पडला नाही ही निव्वळ नशिबाची गोष्ट.

प्रोग्रॅमरच्या युजरकडून खऱ्या लायब्ररीवरचा फाईल रिकामी करण्याचा अधिकार काढला. त्याला कोणी काही बोललं नाही. शेठनी मला मात्र विचारलं, त्याला ही लायब्ररी दिसतच का होती? उत्तर मी दिलं.

दोन्ही चित्रं साठवायची का यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. मुनीमजींना दरातल्या चुका उलट्या फिरवायच्या आहेत, मला रिसीव्हर किती फुगतील याची काळजी आहे. सध्या फक्त आवक फाईलला दोन्ही चालू आहेत.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला ऑपरेटरचा फोन आला. आवाज काळजीचा होता.

"सर, रात्रीच्या बॅकअपला परत चाळीस मिनिटं लागायला लागलीयत. काही बिघडलंय का?"